रस्त्यात टाकलेली बाज

आमच्या घरात जमिनीवरून भांडण नाही. चाकणच्या अलीकडं, कंपन्यांच्या पाठीमागं आमचं धामणटेक आहे. तिथं हे सांगितलं तर लोक हसतात, कारण तिथं घरटी एक तरी दावा कोर्टात पडलेला असतो. आमच्याकडचं भांडण सरकारवरून आहे. एका बाजूला माझी सासू गोजाबाई, दुसऱ्या बाजूला तिचे थोरले दीर सोपानराव. सरकारनं किती करावं आणि माणसानं आपलं आपण किती निस्तरावं, यावरून ही दोन म्हातारी माणसं वर्षानुवर्षं एकमेकांचं डोकं खातायत.

मी सायली, या घरची सून. माहेर काळेवाडीचं, नोकरी तळवड्याच्या एका छोट्या कंपनीत. सासूला मी आत्या म्हणते, आणि सोपानरावांना अख्खा गाव म्हणतो तसं तात्या. लग्न करून आले तेव्हा वाटलं होतं, चला, शांत माणसं दिसतायत. कप्पाळ माझं!

तात्यांचं म्हणणं आधी सांगते, नाहीतर म्हणाल सुनेनं सासूची बाजू घेतली. तात्या तरणेबांड होते तेव्हा ओढ्याकाठची त्यांची काळीभोर जमीन कंपन्यांसाठी गेली. नोटीस आली, मोजणीवाले आले, खुंट्या ठोकल्या, झालं. घरातल्या एकाला नोकरी देऊ म्हणाले होते, ते कुठं गेलं ते त्यांनाच ठाऊक. पुढं बैलगाड्यांच्या शर्यती बंद झाल्या, तेव्हा पोटच्या पोरासारखे सांभाळलेले बैल दावणीला नुसते उभे राहिले. तेव्हापासून तात्यांनी सरकारचं नाव टाकलं. अनुदान घेत नाहीत, कुठली योजना घेत नाहीत. विहीर स्वतः खणली, वरची पाइपलाइनही स्वतः टाकली. "सरकार दारात आलं की आदी गोठ्याची कडी लावायची," असं ते कुणालाही सांगतात, आणि सांगताना हसत नाहीत.

बरं, माणूस कंजूष असता तर मी त्यांना केव्हाच धरलं असतं. पण तसं नाही ना! गावात कुणाच्या घरी मयत झालं तर लाकडं घेऊन पहिले तात्या हजर. कुणाच्या पोरीचं लग्न अडलं तर मांडवाचं सगळं तात्यांच्या अंगावर. त्यांचं म्हणणं एवढंच की, आपण एकमेकांच्या हाकेला धावलो तर सरकार लागतंच कशाला. माझा नवरा रविराज त्यांचाच चेला. त्याच्या पगारातून टॅक्स कापला की तो दिवसभर फणफणतो.

आणि आता आत्या. आत्या कुठल्याही ऑफिसात जाते आणि साहेबानं बस म्हणायच्या आधी खुर्चीत बसते. डोक्यावरचा पदर सरळ करते आणि म्हणते, बोला. जणू साहेबच तिच्याकडं काम घेऊन आलाय. मी एकदा विचारलं, तुम्हाला भीती कशी वाटत नाही? तर म्हणाली, "काडेपेटी घेतली तरी त्यातलं सरकारला जातं. साबणातलं जातं, चहापत्तीतलं जातं. देताना मी दिसते, मग मागताना का दिसू नये?"  

दोघांच्या या हट्टाचं मूळ एकच आहे. ते म्हणजे माझे सासरे, मुरारी. मी त्यांना पाहिलं नाही, फोटोतच पाहिलं. ते होते तेव्हा गावात दवाखाना व्हायचं घाटत होतं. सरकार आज करतो, उद्या करतो म्हणत होतं. शेवटी तात्यांनी वैतागून इर्जिक घातली.

इर्जिक म्हणजे आमच्याकडची जुनी रीत. एखाद्याचं शेत मागं पडलं की सगळा गाव औतं घेऊन त्याच्या रानात उतरतो आणि एका दिवसात काम उरकून टाकतो. मजुरी कुणी घेत नाही. ज्याचं काम असेल त्यानं पंगत घालायची, बास. मात्र इर्जिकीचं जेवण घाम गाळल्याशिवाय खायचं नाही, आणि जो दुसऱ्याच्या इर्जिकीला जात नाही त्याच्या रानात कुणी उतरत नाही. तर गावानं तशी इर्जिक घालून दवाखान्याची खोली बांधली. झकास बांधली. तात्यांनी छाती फुगवून वर कळवलं की आमचं आम्ही बघितलं. वरच्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि दवाखाना दुसऱ्या गावाला दिला. आमची खोली तशीच राहिली. आता तिच्यात गणेश मंडळाचे स्पीकर ठेवतात.

सासऱ्यांना पान लागलं ते त्याच वर्षी, पावसाळ्याच्या तोंडाला. साप चावला म्हणायचं नाही, पान लागलं म्हणायचं. बैलगाडीत घालून त्यांना चाकणला नेताना ती गाडी त्या खोलीपुढूनच गेली. खोलीला कुलूप होतं. चाकण यायच्या आत ते गेले. रविराज तेव्हा पाळण्यात होता.

आणि मग तात्यांनी दुसरी इर्जिक घातली. भावाचा दहावा व्हायच्या आत अख्खा गाव आत्याच्या रानात उतरला आणि पेरणी करून बाहेर पडला. त्या वर्षी त्या घरात दाणा आला तो गावामुळं. तात्या म्हणतात, बघा, सरकार आलं नाही, आम्ही आलो. आत्या म्हणते, बघा, सरकार आलं नाही म्हणून माझं कुंकू गेलं. मरण एकच, आणि दोघांनीही त्यातून आपापलं उचललं.

आता रस्त्याचं सांगते. चाकणच्या ट्रॅफिकला कंटाळून कंटेनरवाले आमच्या गावातून घुसायला लागले. त्यांनी रस्त्याची पार चाळण केली. ओढ्याच्या मोरीजवळ तर असा खड्डा पडला की बसवाल्यांनी बसच बंद केली. मी तळवड्याला जायला मुख्य रस्त्यापर्यंत चिखल तुडवत जायचे. आमच्या भाडोत्री खोल्यांत शालनबाई राहते. लातूरकडची, कंपनीच्या कँटीनला पोळ्या लाटते. ती त्या खड्ड्यात गाडीवरून पडली आणि तिचा हात मोडला. पोळ्या लाटणारीचा हात! तेव्हापासून बिचारी घरीच बसून होती.

आत्या त्या पावसाळ्यात ऑफिसात जाऊन जाऊन चप्पल झिजवून आली. निधी नाही, मंजुरी नाही, साहेब मीटिंगला. आणि दिवाळी झाल्यावर तात्यांनी मारुतीच्या देवळापुढं माणसं जमवली. म्हणाले, पुरे झाली भीक. रविवारी इर्जिक घालू. ज्याच्याकडं ट्रॅक्टर त्यानं ट्रॅक्टर आणायचा, जेसीबीवाल्यानं जेसीबी. एका दिवसात रस्ता भरून काढू आणि पंगतीला बसू.

खरं सांगू? माझ्या अंगावर काटा आला. पोरं टाळ्या वाजवायला लागली, रविराजनं तर शिफ्ट बदलून घेतो म्हणून तिथंच फोन लावला. एवढ्यात बायकांमधून आत्या उठली. म्हणाली, खड्डा बुजवायचा नाही. रस्ता सरकारचा आहे, सरकारनं करायचा. तुम्ही माती टाकून झाकलात की ते म्हणणार, खड्डा कुठाय? आणि इर्जिकीला भाडोत्र्यांना कुणी बोलावलंय का? शालनचा हात या रस्त्यात मोडला, तिला पंगतीचं आवतण आहे का? गावाची इर्जिक गावापुरती. सरकार तिचंही आहे, माझंही आहे.

 तात्यांचा चेहरा लालबुंद झाला. ते एवढंच म्हणाले, "इर्जिकीला आडवी आलीस, तर तुझ्या बांधावर गावातलं कुणी पाय ठेवणार न्हाई."

हे नुसतं बोलणं नव्हतं. आमचं रान थोडंच उरलंय, पण त्यात कांदा होतो आणि त्या कांद्यावर आत्याचं वर्ष निघतं. लेकाच्या पगाराला ती हात लावत नाही. कांद्याचं रोप टाकलेलं होतं, पुढच्या महिन्यात लागवड करायची होती. लागवडीला ढीगभर माणसं लागतात आणि इकडं रोजानं माणूस मिळत नाही, सगळी कंपनीत. गावातल्या बायका आळीपाळीनं एकमेकींची लागवड करतात तेव्हा कुठं जमतं. तात्यांनी बरोबर नस दाबली होती. आत्यालाही ते कळलं. तिनं पदर खोचला आणि घरी निघून आली.

रविवारी सकाळी मी चहा ठेवत होते, तर आत्या अंगणातली बाज ओढताना दिसली. बाज म्हणजे आमच्याकडची ती शिसवी, जड. एकटीला उचलत नाही. रविराज दारात उभा राहून म्हणाला की, आई, तमाशा करू नकोस. आत्या माझ्याकडं बघून म्हणाली, "धरतीस का?" बाई गं! एकीकडं नवरा, एकीकडं सासू, आणि मला तर इर्जिक मनापासून पटलेली. पण शालनबाईचा गळ्यात बांधलेला हात मी रोज बघत होते. दुसरी एक गोष्ट म्हणजे नवऱ्यानं डोळे वटारले की माझं डोकं फिरतं. मी गॅस बंद केला आणि बाजेचं एक टोक धरलं.

आम्ही ती बाज मोरीजवळ, बरोबर खड्ड्याच्या तोंडाशी टाकली. आत्या तिच्यावर मांडी घालून बसली. ट्रॅक्टर आले, जेसीबी आला, पोरं फावडी घेऊन आली आणि सगळी उभी राहिली. शालनबाई मोडका हात घेऊन आली आणि गुपचूप बाजेच्या कडेला टेकली. मागून तात्या आले. पांढरी टोपी, धुतलेला सदरा. आधी समजावलं, मग ओरडले. शेवटी जे बोलायला नको होतं ते बोलले.

"मुरारीचा दहावा व्हायच्या आदी तुझं शेत कुणी पेरून दिलं, गोजा? कलेक्टर आलता का औत घेऊन?"

आत्यानं पदर नीट घेतला. आवाज चढवला नाही.

"तुमीच आलता, भावजी. ते तुमचं काम व्हतं, तुमी केलं. मरंस्तोवर इसरणार न्हाई. पर हे त्यांचं काम हाय, ते मी तुमच्याकडून करून घेणार न्हाई. त्या खोलीत तवा नर्स असती, तर माझं शेत पेरायला तुमाला यावंच लागलं नसतं. का नर्सबी इर्जिक घालून आणणार व्हता?"

तात्या मागं वळले आणि जाऊन झाडाखाली बसले. मला त्या माणसाची दया आली, हे कबूल करायला मला लाज नाही. भाऊ त्यांचाही गेला होता.

बाज रस्त्यात, त्यामुळं कंटेनर अडकले. बघता बघता रांग पार वळणापलीकडं गेली. आणि इकडं एक भलतंच झालं. पंगतीचा स्वयंपाक सकाळपासून रटरटत होता, आमटी-भात आणि लापशी. काम तर झालं नाही. घाम गाळल्याशिवाय इर्जिकीचं जेवायचं नाही, त्यामुळं गावातला एकही माणूस पानावर बसेना. उपाशी राहिले, पण रीत मोडली नाही. मग तात्याच उठले आणि पोरांना म्हणाले की, ते ड्रायव्हर कुठून कुठून आलेत, पहाटेपासून गाडीत असतील, त्यांना बसवा. भर रस्त्यात पत्रावळ्या मांडल्या. पंजाबचे, बिहारचे, तमिळनाडूचे ड्रायव्हर ओळीनं बसले आणि तात्यांनी स्वतः वाढलं. आत्याकडं मात्र ढुंकून बघितलं नाही. तिनंही पाणी सोडून काही घेतलं नाही.

आणि मग साहेब आले. इतक्या वर्षांत न आलेले साहेब दुपार व्हायच्या आत आले, कारण कंपन्यांचा माल अडकला होता. माणसांसाठी कुणी आलं नव्हतं, मालासाठी जीप धावत आली. मला असा संताप आला! साहेबांबरोबर पोलीसही होते. साहेब म्हणाले, मावशी, उठा, आठवड्यात बघतो. आत्या म्हणाली, मी मशीन बघितल्यावर उठेन. पोलिसांनी बाजेसकट उचलायची भाषा केली, तसे तात्या मध्ये येऊन उभे राहिले. "हात लावायचा न्हाई. आमच्या घरातली बाई हाय. तिला काय बोलायचं ते आमी बोलू." पोलीस त्यांच्याकडं बघायला लागले. हा म्हातारा नेमका कुणाच्या बाजूचा, हे त्यांना कळेना. मलाही कळेना.

पोलीस मागं हटले, आत्यानं रात्र बाजेवरच काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी खडीचे डंपर आले आणि पाठीमागं रोलर. आत्या बाजेवरून उतरली, पाय आखडले होते, ते चोळले आणि म्हणाली, चला, कालवडीला पाणी दाखवायचंय. उन्हाळ्यात पक्कं डांबर पडलं. बस सुरू झाली. मी खिडकीत बसून तळवड्याला जायला लागले.

पण गावानं शब्द पाळला. लागवडीला कुणी आलं नाही. हळदीकुंकवाला आमच्या दारावरून बायका पुढं गेल्या. मी सुट्ट्या टाकल्या, रविराज चिडचिड करत का होईना चिखलात उतरला. शालनबाई अजून नीट न वळणाऱ्या हातानं आली, सुट्टीच्या दिवशी खोल्यांमधल्या दोघी-तिघींना घेऊन. तरी काय होणार? रोप वेळेत लागलं नाही, वाढून जून झालं, अर्धं वाफ्यातच पिवळं पडलं. एका संध्याकाळी आत्या बांधावर बसून रडली. मी तिला रडताना पहिल्यांदाच बघितलं. रविराजचाही धीर सुटला. म्हणाला, आई, तात्यांची माफी माग, एवढं काय त्यात? तिनं डोळे पुसले.

"माफी चुकीची मागत्यात," ती म्हणाली आणि परत वाफ्यात उतरली.

त्या वर्षी आमच्याकडं मासवडी झाली नाही. आत्याच्या हातची मासवडी म्हणजे तात्यांचा जीव. सणावाराला ते हमखास आमच्या ओसरीवर येऊन बसायचे आणि आतून वास येईपर्यंत सरकारला शिव्या देत राहायचे. तेही बंद झालं. घर कसं ओकंबोकं वाटायचं. भांडण नसलेलं घर किती वाईट असतं, हे मला तेव्हा कळलं.

आणि मग श्रावणात तो नवा रस्ता उखडला. एका पावसाळ्यात! डांबर म्हणजे नुसतं वरून फासलेलं, खाली खडी सुटी. मोरीजवळ पुन्हा तसाच खड्डा, तिथंच. बस पुन्हा बंद. गावातली माणसं आमच्या घरासमोरून जाताना मुद्दाम मोठ्यानं बोलायची की, बघा, सरकारनं केलेला रस्ता. खोटं नव्हतं ते, म्हणून जास्त झोंबायचं. मला वाटलं, आत्या आता तरी खचेल.

मग एका सकाळी ती अंगणात आली आणि बाजेवरचा पसारा काढायला लागली. मी म्हटलं, आत्या, अहो पुन्हा? केलेला रस्ता टिकला नाही, आता कुणाकडं मागणार? ती म्हणाली, "टिकला न्हाई म्हणून सोडून देऊ? भाकरी करपली म्हणून चूल मोडती का कुणी?" आणि बाजेला हात घातला. मी पुढं होणार, एवढ्यात फाटक वाजलं.

तात्या होते. तीच पांढरी टोपी. वर्षभरात पहिल्यांदा आमच्या अंगणात आले होते. माझ्याकडं बघितलं नाही, थेट बाजेच्या दुसऱ्या टोकाशी जाऊन उभे राहिले आणि वाकले.

"मी तुझ्या सरकारसाठी आलो न्हाई," ते म्हणाले. "सरकार चोर हाय, हे मी जलमभर सांगतोय. आता चोर सापडलाय, तर धरायला आलोय."

त्यांना तिचं पटलं नव्हतं, तिला त्यांचं तर नव्हतंच. पण त्यांच्या हातांनी बाजेची चौकट घट्ट धरली होती.  मला वाटलं, झालं, आता आत्या विरघळणार, डोळे पुसणार.

आत्यानं आपल्याकडचं टोक खाली ठेवलं. कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आदी सांगा, भावजी. औंदा माझ्या कांद्याला गाव येणार का न्हाई? त्याबिगर बाजेला हात लावू देणार न्हाई मी."

मी डोळेच मिटले. म्हटलं, मेलो. एवढा मानी माणूस आपल्या पायानं चालत आला आणि ही बया अट घालतीये!  तात्यांनी टोपी काढली, डोकं पुसलं आणि टोपी परत घातली.

"लागवडीच्या पंगतीला मासवडी करणार, का नुसत्या आमटीवर भागवणार?" ते म्हणाले. "ते कळल्याबिगर मी माणसं कशी सांगू?"

आत्यानं पदर तोंडाला लावला. हसली की रडली, मला दिसलं नाही. मग वाकून तिनं आपलं टोक उचललं.

"मासवडी करीन," ती म्हणाली. "पर औंदा पंगतीला शालनबी बसंल, आन तिच्या खोल्यांमधल्या समद्याजणी. व्हय म्हणा."

तात्या कुरकुरले. व्हय म्हणाले. आणि बाज घेऊन दोघं फाटकातून बाहेर पडली. तात्या पुढं, आत्या मागं. दहा पावलंही गेली नसतील, तर त्यांचं पुन्हा सुरू झालं. ते म्हणत होते, सरकारला रस्त्यातला र कळत नाही. ती म्हणत होती, म्हणूनच त्याला शिकवायला चाललोय, पाय उचला. मी आत जाऊन कंपनीत सुट्टीचा फोन केला, चपला घातल्या आणि त्यांच्यामागं निघाले.